नाईन इंच नेल्सची शांत बाजू: पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी

नाईन इंच नेल्स हा अमेरिकन रॉक बँड म्हटलं की बहुतेकांना १९९४चा वुडस्टॉक महोत्सव आठवतो. अख्खा बँड चिखलाने माखून मंचावर आलेला आणि छातीत धडका मारणारा तो आवाज. पण त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या 'द डाउनवर्ड स्पायरल' या अल्बममध्ये दहाव्या क्रमांकावर साडेतीन मिनिटांपेक्षाही छोटी एक रचना आहे. तिच्यात शब्द नाहीत, ड्रम नाहीत. मी या बँडकडे ओढला गेलो तो तिच्यामुळे. तेव्हापासून ज्या कुणाला हा बँड ऐकवला, त्यांना याच दाराने आत आणलं. बरेच जण टिकले. जे थेट दणदणाटातून आत शिरले, त्यांतले अर्धे दोन गाण्यांत हेडफोन काढून मोकळे झाले.

आधी एवढं माहीत असू द्या: बँड म्हणायचं, पण स्टुडिओत हा मुख्यतः एकाच माणसाचा कारभार आहे. ट्रेंट रेझ्नर, जन्म १९६५, वाढला अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या मर्सर या छोट्या गावात. आईवडील वेगळे झाले आणि पोरगा आजीआजोबांकडे वाढला. पियानो लहानपणीच शिकला. पुढे क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत झाडलोटीपासून पडेल ते काम करायचा आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करायचा. १९८८मध्ये बँड उभा राहिला, १९८९मध्ये 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम आला. हे सगळं सांगतोय ते पियानोसाठी. यंत्रांचा कितीही गोंगाट असला तरी या संगीताच्या मुळाशी पियानोवर बसलेला एक मुलगा आहे, आणि शांत गाण्यांत तो उघडा दिसतो.

ऐकण्याआधीची तयारी

पंखा बंद करा. हसू नका, हीच सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे. आपल्याकडे छताचा पंखा बारा महिने फिरत असतो आणि त्याची घरघर आपल्याला ऐकू येईनाशी झालेली असते. रेझ्नरच्या शांत रचनांमध्ये तळाशी नेमकी तशीच एक घरघर असते: टेपची सळसळ, जुन्या यंत्राची गुणगुण, दूर कुठेतरी काहीतरी घासल्यासारखा आवाज. पंखा चालू असेल तर ती त्यात विरघळून जाते आणि कानात उरतो नुसता गोड पियानो. मग माणूस म्हणतो, 'छान आहे, झोपताना लावायला बरं.' अर्धी रचना त्याने ऐकलेलीच नसते. उन्हाळ्यात पहाटे ऐका, पण पंखा बंद ठेवून ऐका.

दुसरं, हेडफोन हवेत. महागाचे नकोत, कान झाकणारे साधे चालतील.

तिसरं, ॲपची सेटिंग. गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी शफलची सोय बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी सोय बंद. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोयही बंद, कारण तिच्यामुळे कुजबुज उचलली जाते आणि आरडाओरडा दाबला जातो. दोन गाण्यांच्या आवाजात किती अंतर ठेवायचं हे या माणसाने ठरवलेलं आहे, ते तसंच कानावर पडू द्या.

आणि आवाजाची पातळी नेहमी मोठ्या गाण्यावर ठरवा, शांत गाण्यावर कधीही नाही. शांत गाणं नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला आणि पाठोपाठ धडाका आला, तर कानाला खरोखर इजा होईल.

पहिली पायरी: 'अ वॉर्म प्लेस', दोनदा

ती दहाव्या क्रमांकाची रचना म्हणजे 'अ वॉर्म प्लेस'. पहिल्यांदा ती एकटीच ऐका. संथ, लांबवलेले सिंथेसायझरचे सूर, एकावर एक हळूच चढणारे. जाणकारांना तिच्यात ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या १९८०च्या 'क्रिस्टल जपान' या वाद्यरचनेची छाया लगेच दिसते. रेझ्नरनेही हे साम्य मान्य केलं आहे. पुढे १९९५मध्ये हे दोघे एकत्र दौऱ्यावरही गेले.

आता दुसऱ्यांदा ऐकताना एक गाणं मागे जा आणि नवव्या क्रमांकापासून लावा. ते नववं गाणं दीड मिनिटाचं, अंगावर येणारं, भाषाही शिवराळ. घरात मोठी माणसं असतील तर हेडफोनच बरे. ते गाणं कोसळतं आणि त्याच्या राडारोड्यातून 'अ वॉर्म प्लेस' वर येते. एकटी ऐकताना जी रचना नुसती सुंदर वाटली होती, ती आता जखमेवर ठेवलेल्या हातासारखी वाटते. सूर तेच, मिनिटं तेवढीच. बदलली ती फक्त आधीची दीड मिनिटं. या बँडची शांतता अशीच ऐकायची असते. तिच्या आधी काय झालं हे कानात ताजं असताना.

म्हणूनच इंटरनेटवर मिळणाऱ्या 'शांत गाण्यांच्या' तयार याद्या मी नवख्यांना देत नाही. त्यांत ही सगळी गाणी मुळापासून उपटून एका ओळीत लावलेली असतात.

त्याच अल्बममध्ये आणखी एक शोध घेण्यासारखा आहे. पाचवं गाणं 'क्लोजर', बँडचं बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध. लोक ते शेवटपर्यंत ऐकत नाहीत. ऐका. सगळा ठेका, सगळे थर संपल्यावर अगदी शेवटी पियानोवर एक उतरती सुरावट एकटीच राहते. ती लक्षात ठेवा आणि अल्बमच्या नावाचंच जे तेरावं गाणं आहे, त्यात ती पुन्हा कुठे भेटते ते पाहा. चालत आलेल्या वाटेवरचं ओळखीचं झाड परत दिसावं, तसं होतं.

दुसरी पायरी: 'हर्ट', आणि घरात पेटी असेल तर पेटी

अल्बमचं शेवटचं, चौदावं गाणं 'हर्ट'. अनेकांना ते अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशने २००२मध्ये गायलेल्या रूपात माहीत असतं. मार्क रोमॅनेकने केलेला त्याचा व्हिडिओ पाहिल्यावर रेझ्नरला हे गाणं आता आपलं राहिलं नाही असं वाटलं, आणि तसं त्याने मोकळेपणाने सांगितलं. कॅशचं गाणं मलाही फार प्रिय आहे. पण त्यात एक सूर नाही, आणि त्या सुरासाठी मूळ गाणं ऐकायलाच हवं.

मूळ गाण्याच्या कडव्यांमध्ये गिटारवर दोन सूर एकदम वाजतात आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. ते काय आहे हे समजून घ्यायचं तर पेटी उघडा. कुठलीही एक पट्टी षड्ज धरा आणि तिच्याबरोबर तीव्र मध्यमाची पट्टी दाबा. दोन्ही धरून ठेवा, भाता सोडू नका. हेच ते अंतर. यमनमध्ये तीव्र मध्यम आपल्याला गोड लागतो, कारण तो सतत पंचमाकडे नाहीतर गंधाराकडे निघालेला असतो. इथे तो कुठेही जात नाही. षड्जाशेजारी अडकून पडतो आणि प्रत्येक ओळीत पुन्हा येतो. गाणाऱ्या माणसाचं काय बिनसलं आहे हे शब्द कळायच्या आधी त्या एका सुराने सांगून टाकलेलं असतं. कॅशने साधे, घरगुती कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वापरले, त्यामुळे त्याच्या गाण्यात पश्चात्ताप ऐकू येतो. रेझ्नरच्या गाण्यात अजून न भरलेली जखम ऐकू येते. शब्दांतही एक फरक आहे: मुकुटाच्या उल्लेखातला मूळ शिवराळ शब्द काढून कॅशने तिथे काटे घातले.

शेवटी एक प्रचंड, फाटका कॉर्ड वाजतो आणि त्यानंतर बराच वेळ नुसता वाऱ्यासारखा आवाज उरतो. तिथे गाणं संपलं समजून पुढे जाऊ नका. तो वारा संपेपर्यंत बसा.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. हे गाणं स्वतःला इजा करण्याबद्दल आणि व्यसनाबद्दल आहे. मन आधीच खचलेलं असेल तर ते रात्री एकट्याने ऐकू नका, पुढे ढकला. आणि तसे विचार मनात घोळत असतील तर गाणी बाजूला ठेवून १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येतं.

तिसरी पायरी: 'द फ्रॅजाइल', इथे मुक्काम करा

पाच वर्षांनी, १९९९च्या सप्टेंबरमध्ये, दोन डिस्कचा आणि २३ रचनांचा 'द फ्रॅजाइल' आला. न्यू ऑर्लिन्समध्ये रेझ्नरने एका जुन्या अंत्यसंस्कारगृहात स्टुडिओ थाटला होता, तिथे तो घडला. ज्या आजीने वाढवलं त्या क्लाराला हा अल्बम अर्पण केलेला आहे. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आला आणि पुढच्याच आठवड्यात १६व्या क्रमांकावर घसरला. त्या वेळी अनेकांना तो फार लांब, फार पसरलेला वाटला. माझ्या मते या बँडने याहून मोठं काही केलेलं नाही.

यात रेझ्नरने एक विलक्षण गोष्ट केली. जी तंतुवाद्यं आपल्याला धड वाजवता येत नाहीत, ती त्याने मुद्दाम हातात घेतली. संगणकावर सगळं हवं तेवढं अचूक करता येत असताना त्याला चुकणारी बोटं हवी होती. त्यामुळे इथल्या शांत जागा गुळगुळीत नाहीत. तार जराशी उतरलेली असते, बोट पट्टीवरून सरकल्याचं ऐकू येतं.

डावी आणि उजवी अशी या डिस्कना नावं आहेत. डावीपासून सुरुवात करा. तिसरी रचना 'द फ्रेल', दोन मिनिटांहून कमी, पियानोवरची. ती थांबते आणि लगेच 'द रेचेड'चा जड ठेका सुरू होतो. सहाव्या क्रमांकाच्या 'द फ्रॅजाइल' या गाण्यात 'द फ्रेल'चीच सुरावट शब्द घेऊन परत येते. पहिल्या वेळी हे कुणाच्याच लक्षात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं. 'द फ्रेल' लागोपाठ चारपाच वेळा ऐकून मग सहाव्या गाण्यावर जा, म्हणजे पकडता येईल. सातव्या रचनेत पियानोवर माइक गार्सन आहे, बोवीबरोबर वाजवणारा. ती रचना शांत नाही, पण पियानो यंत्रांच्या गर्दीत घुसला की काय होतं हे तिथे कळतं.

मग अकरावी: 'ला मेर'. म्हणजे समुद्र. इथे घाई करू नका, ही जवळून पाहण्याची गोष्ट आहे. पियानोवर छोटीशी एक सुरावट सुरू होते आणि तीच ती फिरत राहते. तिच्यात भर पडत नाही, तिच्याभोवती पडते. खाली खर्जातलं बास येतं. एक बाई क्रिओल भाषेत काही वाक्यं बोलते, समुद्र आणि आकाश होऊन जाण्याबद्दल. मग ड्रम येतात आणि जे तळं होतं त्याला लाटा येतात. सुरावट मात्र जागची हलत नाही. आपण भजनात एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतो आणि मृदंग चढत जातो, तेव्हा ओळ तीच असूनही वेगळी होत जाते. हा अनुभव ज्याला आहे त्याला 'ला मेर' समजावून सांगावी लागत नाही.

'ला मेर' संपत नाही, ती तशीच 'द ग्रेट बिलो'मध्ये उतरते. म्हणून तर मध्ये ॲपने एक क्षणाचीही फट पाडू नये ही काळजी घ्यायची. या दोन्ही मिळून साधारण १० मिनिटं होतात. त्या वेळात मोबाइल उलटा ठेवा.

दुसऱ्या दिवशी उजवी डिस्क काढा आणि दुसरं गाणं, 'इनटू द व्हॉइड', लावा. सुरुवातीला तारा छेडत जी सुरावट येते ती ओळखीची वाटली? कालचा समुद्रच आहे तो. पण या वेळी तिच्यावर नाचता येईल असा ठेका चढतो. हे जुळलं त्या दिवशी मी उजवी डिस्क थांबवून परत 'ला मेर' लावली होती आणि दोन्ही आलटून पालटून ऐकत संध्याकाळ घालवली होती.

चौथी पायरी: 'स्टिल'

आता तुम्ही तयार आहात. २००२मध्ये थेट कार्यक्रमांचा एक अल्बम आला आणि त्याच्या विशेष आवृत्तीबरोबर 'स्टिल' नावाची जोड डिस्क. नऊ रचना. त्यांतल्या चार जुन्या गाण्यांची नवी, उघडी रूपं, बाकी पाच नव्या.

पद्धत अशी: जोड्या लावून ऐका. 'समथिंग आय कॅन नेव्हर हॅव' आधी १९८९च्या पहिल्या अल्बमातलं आणि मग 'स्टिल'वरचं. मूळ गाण्यात पियानोच्या मागे दूर कुठेतरी कारखाना चालू असल्यासारखी धडधड आहे, 'स्टिल'वर ती गेली आहे आणि खोलीत माणूस एकटा उरला आहे. 'द बिकमिंग'ची जोडी तर धक्काच देईल. १९९४च्या रूपात माणूस यंत्र होत जातो, सगळीकडून किंकाळ्या ऐकू येतात. इथे तेच शब्द पियानोवर येतात आणि भीती जराही कमी होत नाही, उलट जवळ येते.

नव्या पाचांपैकी 'अड्रिफ्ट अँड ॲट पीस' ही 'ला मेर'ची पुढची कडी मानली जाते. ती दोन्ही एकामागून एक ऐका. आणि शेवटची 'लीव्हिंग होप' शांत दिवशी, घाई नसताना.

पाचवी पायरी: 'घोस्ट्स', वही घेऊन

२००७मध्ये रेझ्नर मोठ्या रेकॉर्ड कंपनीपासून मोकळा झाला आणि मार्च २००८मध्ये, कसलाही गाजावाजा न करता, 'घोस्ट्स १ ते ४' थेट इंटरनेटवर ठेवला. दहा आठवड्यांत केलेल्या ३६ वाद्यरचना, नऊनऊच्या चार भागांत. तेव्हा पहिल्या नऊ फुकट होत्या, सगळ्या मिळून ५ डॉलर. शिवाय ३०० डॉलरची, २,५०० प्रतींची सही केलेली आवृत्ती होती, ती काही दिवसांत संपली. बरोबर संगीतकार ॲटिकस रॉस होता. तो पुढे २०१६मध्ये बँडचा अधिकृत सदस्य झाला.

रचनांना नावं नाहीत, फक्त क्रमांक. मनात एखादी जागा किंवा चित्र धरायचं आणि त्याला आवाजाचं रूप द्यायचं, अशी कामाची रीत होती. म्हणून मी नवख्यांना एक वही घ्यायला सांगतो. एका बैठकीत नऊच रचना ऐकायच्या आणि प्रत्येकीपुढे डोळ्यांसमोर आलेली जागा लिहायची. सगळ्या ३६ एका दमात ऐकायला गेलात तर जवळपास १ तास ५० मिनिटं लागतात आणि विसाव्या रचनेनंतर सगळं एकसारखं वाटायला लागतं. माझ्या वहीत पहिल्या रचनेपुढे लिहिलंय: 'पाऊस थांबलाय, पन्हळीतून अजून पाणी पडतंय.' तुमचं वेगळं असेल. मित्राबरोबर वह्या अदलाबदल करून पाहा, फार मजा येते.

चौतिसावी रचना ऐकताना कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल. तिच्यातला तारांचा तुकडा घेऊनच 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं झालं, जे २०१९मध्ये अमेरिकेत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आणि हा संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. श्रेय द्या, पैसे कमवू नका, आणि तुम्ही जे कराल ते त्याच परवान्याखाली इतरांना द्या. या अटींवर तो कापून, जोडून स्वतःचं काही करायला मोकळीक आहे. कॉलेजच्या लघुपटाला पार्श्वसंगीत शोधणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

पुढे कुठे

इथून पुढे स्वतःच भटका. २००५च्या 'विथ टीथ'चं शेवटचं गाणं 'राइट व्हेअर इट बिलाँग्स' हेडफोनवर ऐका. अर्धं गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं कोंदलेलं असतं, मग अचानक दार उघडावं तसा आवाज मोकळा होतो आणि मागे गर्दीचा गलका ऐकू येतो. २००८च्या 'द स्लिप'मध्ये 'लाइट्स इन द स्काय' आहे, पियानो आणि गळा, बाकी जवळजवळ काही नाही. २६ मार्च २०२०ला, जग घरात कोंडलं गेलं असताना, 'घोस्ट्स'चे पाचवा आणि सहावा असे दोन भाग फुकट आले. पाचवा, 'टुगेदर', धीर देणारा आहे. सहावा, 'लोकस्ट्स', बेचैन करणारा. पाचव्यापासून सुरू करा.

ज्यांनी १९९६चा 'क्वेक' हा संगणकावरचा खेळ खेळला त्यांच्यासाठी: त्यातलं अंधारं संगीत याच माणसाचं. ते सीडीवर गाण्यांसारखं साठवलेलं होतं, त्यामुळे डिस्क घातली नाही तर खेळ मुकाच चालायचा. ज्यांच्याकडे खेळ नुसता कॉपी होऊन आला होता त्यांनी ते कधी ऐकलंच नसेल. आता ऐका.

चित्रपटांत 'द सोशल नेटवर्क' (२०१०) आधी पाहा. त्याच्या संगीतासाठी रेझ्नर आणि रॉस यांना ऑस्कर मिळालं. सुरुवातीला एक तरुण रात्री विद्यापीठाच्या आवारातून एकटाच घाईघाईने जात असतो आणि पियानोचे मोजके सूर पडत असतात, खाली तीच ती घरघर. हा पियानो ध्वनिमुद्रित करताना माईक आधी जवळ, मग लांब, मग आणखी लांब ठेवला होता. चित्रपट पुढे सरकतो तसा तोच पियानो परत येतो, पण दरवेळी जास्त दुरून. एकदा गोष्टीसाठी चित्रपट पाहा, आणि दुसऱ्यांदा फक्त हा पियानो किती मागे गेला ते ऐकायला.

हे सगळं झालं की एखाद्या रविवारी परत 'द डाउनवर्ड स्पायरल'कडे या. पंखा बंद करून, पहिल्या गाण्यापासून, ६५ मिनिटं, मध्ये न थांबता. आवाज पहिल्याच गाण्यावर ठरवून घ्या आणि दहाव्या क्रमांकाला पोचाल तेव्हा बटणाला हात लावू नका.